दमटदाणी

आमच्या घरी वाइनचा फ्रिज आहे. हे वाक्य लिहिताना माझा हात जरा अडखळला, कारण या सदराच्या जुन्या वाचकांना आमचं घर चांगलं माहीत आहे. मी पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, आणि आमच्या घरात आजवर आलेलं सर्वांत मादक पेय म्हणजे कोजागिरीचं मसाल्याचं दूध. पण तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीच्या वार्षिक समारंभात सोडत निघाली. ज्या गृहस्थांना आयुष्यात कधी साधी लेखणीसुद्धा बक्षीस मिळाली नव्हती, त्यांच्या नावावर आठ बाटल्यांचा, काचेच्या दाराचा, आत निळा दिवा लागणारा एक फ्रिज निघाला.

फुकट आलेली वस्तू टाकून देण्याची रीत आमच्यात नाही. मी त्यात कोकमाच्या सरबताच्या बाटल्या ठेवल्या. फळ्यांचा आकारच असा की बाटल्या आडव्या ठेवाव्या लागल्या. वाइनची बाटली आडवी ठेवतात ती तिचं बूच ओलं राहावं म्हणून. कोकमाच्या बाटलीला बूच नसतं, पातळ पत्र्याचं झाकण असतं. सकाळी उठून पाहते तो फ्रिजमध्ये रंगपंचमी! तेव्हापासून तो फ्रिज कोपऱ्यात नुसता उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

गेल्या ज्येष्ठात मी दादरला मामीकडे गेले होते. निघताना तिने कपाटावरून एक लाकडी पेटी काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ही तू घेऊन जा. दिवाळीला तो येतोय. त्याच्या हातात द्यायची आहे, पण अशी नको. जरा नीट करून दे."

तो म्हणजे माझा मामेभाऊ. आणि ही म्हणजे मामाची चिरुटांची पेटी.

माझा मामा बोटीवर इंजिनिअर होता. जन्म रत्नागिरीचा, नोकरी साऱ्या जगाची. २००६ साली त्याच्या शेवटच्या सफरीत त्याची बोट क्यूबाला हवानाच्या बंदरात लागली होती. तिथून त्याने ही पंचवीस चिरुटांची पेटी आणली. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते. घरी आल्यावर मामा मला म्हणाला, "अगं, तुझ्यासारख्या मास्तरणीला तिथे चांगली नोकरी आहे. चिरूट वळणारे कामगार दिवसभर वळत बसतात, आणि समोर उंच जागेवर बसून एक बाई त्यांना कादंबरी वाचून दाखवते!" मला वाटलं, मामा थट्टा करतोय. पुढे कळलं की ते अगदी खरं. हवानाच्या कारखान्यांत ही प्रथा १८६५ साली सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. आपल्याकडे केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांतही असंच मोठ्याने वर्तमानपत्र वाचण्याची रीत होती. हवानातल्या मंडळींना अलेक्झांडर ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो' इतकी आवडली की १९३५ साली निघालेल्या एका चिरुटाला तेच नाव मिळालं. मामाच्या पेटीवर तेच नाव आहे. अभ्यासक्रमात लावलेली कादंबरी मुलांनी वाचावी म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, आणि तिथे श्रोत्यांनी कादंबरीचं नाव आपल्या रोजच्या कामाला दिलं!

तर मामा वर्षातून एकच चिरूट ओढी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, जेवणं झाल्यावर, बाल्कनीत बसून. मामीला तो वास मुळीच सोसत नसे. ती आतून दार लावून घेई. उरलेलं वर्षभर मामा ती पेटी घट्ट झाकणाच्या एका मोठ्या डब्यात ठेवी, आणि उन्हाळ्यात तो डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीशेजारी. त्यावरून दोघांचं दरवर्षी वाजे. मामा २०२२ साली, पावसाळ्यात गेला. मामीने पेटी कपाटावर ठेवली आणि डबा फराळाला घेतला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. डबा खरोखरच चांगला आहे, त्यात चकल्या महिनाभर कुरकुरीत राहतात.

पण ज्या हवेत चकली खूश असते त्या हवेत चिरूट मरतो. पुण्याला येऊन मी पेटी उघडली. आत नऊ चिरूट होते. पंचवीसांतून सोळा वर्षांचे सोळा गेले, हिशेब बरोबर जुळला. दोन-तीन उन्हाळ्यांनी ते वाळले होते, पावसाळ्यांनी दोघांवर पांढरी बुरशी आणली होती, आणि एकाच्या अंगाला उभी चीर गेली होती. बोटांत धरला तर वाळलेल्या पिंपळपानासारखा आवाज.

इथे माझी अडचण सांगितली पाहिजे. आमच्या कॉलेजात तंबाखूमुक्तीची समिती आहे, आणि मी तिची सभासद आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा २००३ सालचा कायदा आहे, आणि तो फलक फाटकावर लावताना खिळे माझ्या हातात होते. तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग झालेली माणसं मी पाहिली आहेत. अशा बाईने घरी बसून चिरुटांची शुश्रूषा करायची? मी दोन दिवस विचार केला. मग मनाशी म्हटलं, मामीने मला चिरूट ओढायला सांगितलेलं नाही, सांभाळायला सांगितलं आहे. प्राध्यापकाला पळवाट शोधायला फार वेळ लागत नाही.

चिरूट सांभाळण्याच्या पेटीला इंग्रजीत ह्यूमिडॉर म्हणतात. मराठीत शब्द नाही. चिरूट हा शब्द आपल्याकडे आहे. तो मुळात तमिळ सुरुट्टू, म्हणजे गुंडाळलेलं. पण त्याच्या घराला नाव नाही. पानदान आहे, अत्तरदाणी आहे, गुलाबदाणी आहे, इतकंच काय, पीकदाणीसुद्धा आहे. तेव्हा मी त्याला दमटदाणी म्हणायचं ठरवलं. लेक म्हणाली, "आई, हे न्हाणीघराचं नाव वाटतं." वाटो बापडं.

दमटदाणीचं शास्त्र थोडक्यात असं. चिरुटाला साधारण सोळा ते अठरा अंश उष्णता आणि शेकडा ६५ ते ७० आर्द्रता मानवते. याहून कोरडी हवा झाली की पान तडकतं आणि सुगंधी तेलं उडून जातात. याहून दमट झाली की बुरशी धरते. आणि उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास चढली की निराळंच संकट. तंबाखूच्या पानात एका बारीक तपकिरी किड्याची अंडी असू शकतात. ती उबेने फुटतात, आणि अळ्या चिरुटाला पिन टोचावी तशी भोकं पाडत बाहेर येतात. पुण्याच्या वैशाखात घरातली नुसती लाकडी पेटी म्हणजे त्या किड्यांचं सूतिकागृहच.

मग स्वयंपाकघरातला फ्रिज का नको? एक तर तो फार थंड. दुसरं, फ्रिज हवेला वाळवतो. आतली थंड पट्टी हवेतली वाफ ओढून घेते, तिचं पाणी होऊन मागे ओघळतं, आणि कोरडी हवा उरते. म्हणून तर झाकण न ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत मान टाकते. पण वाइनचा छोटा फ्रिज जरा निराळा असतो. आमच्यात धडधडणारा काँप्रेसर नाही. पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाने १८३४ साली दाखवून दिलं की दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज सोडली तर एक सांधा थंड होतो आणि दुसरा तापतो. तीच युक्ती. त्याची थंडी बेताची, आणि अठरा अंशांवर ठेवला तर हवाही फार वाळत नाही. मात्र त्याची ताकदही बेताचीच. खोलीपेक्षा पंधरा-सोळा अंश खाली, त्याहून जास्त नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात त्याला घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर दूर उभं करायला हवं. आमच्याकडे तो कोपरा म्हणजे देवघराशेजारचा. तिथे मी चिरूट ठेवते हे सासूबाईंना सांगितलं नव्हतं. हा अंक त्या वाचतातच, तेव्हा आता कळेल.

पहिलं काम फ्रिजचा वास घालवायचं. कोकम आणि नवं प्लॅस्टिक यांचा संकर काय असतो ते विचारू नका. खायचा सोडा घातलेल्या पाण्याने तो आतून पुसला, वर्तमानपत्राचे बोळे भरले, आणि आठ दिवस दार सताड उघडं ठेवलं. मागे पाणी निघून जायचं बारीक भोक असतं, ते बुजवलं, नाहीतर आत केलेला दमटपणा तिथूनच पसार व्हायचा.

दुसरं काम लाकडाचं. तारेच्या फळ्या काढून लाकडाच्या करायच्या, कारण लाकूड ओल पिऊन ठेवतं आणि हळूहळू सोडतं. पुस्तकात लिहिलेलं, स्पॅनिश सीडर हवं. सीडर म्हणजे देवदार, असं समजून मी आमच्या सुताराला देवदार आणायला सांगितलं. त्याने सफरचंदाची देवदारी खोकी फोडून फळ्या आणल्या! वास राळेचा. ते लाकूड वापरलं असतं तर चिरुटांना टर्पेंटाइनचा स्वाद आला असता. मग वनस्पतिशास्त्राच्या बाईंना विचारलं, तेव्हा गंमत कळली. स्पॅनिश सीडर हे स्पेनचं नाही आणि सीडरही नाही. ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं झाड, आपल्या कडुलिंबाच्या कुळातलं. आणि त्याचा सख्खा चुलतभाऊ आपल्या सह्याद्रीत उभा आहे, त्याचं नाव तूण. तांबूस, हलकं, सुवासिक लाकूड. हिंदुस्थानात पूर्वी चिरुटांच्या पेट्या तुणीच्याच होत. सुताराला सांगितलं तर म्हणाला, "मग बाई, पहिल्यांदाच तूण म्हणायचं!" भवानी पेठेतल्या लाकूडबाजारातून त्याने जुन्या तुणीची फळी आणली आणि दोन फळ्या व एक कप्पा करून दिला. ना रंग, ना पॉलिश, ना सरस. नवं लाकूड तहानलेलं असतं. ते आधी चिरुटांचंच पाणी पिऊन टाकतं. म्हणून वाटीत शुद्ध पाणी ठेवून दोन आठवडे लाकडालाच पाजत बसले.

तिसरं काम काट्याचं. आर्द्रता मोजायचा छोटा काटा आणला. पण काटा खरं बोलतो की नाही हे कसं समजावं? त्याला स्वयंपाकघरात उपाय आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, आणि काट्यासकट ते एका घट्ट डब्यात दिवसभर बंद ठेवायचं. मिठाच्या अशा लगद्यावरच्या हवेत आर्द्रता ७५ च असते, ना कमी ना जास्त. माझ्या काट्याने ७१ दाखवली. म्हणजे चार मार्क वाढवून द्यायचे. ते काम मला सवयीचं आहे.

राहिली हवा दमट राखायची व्यवस्था. त्यासाठी मिठाच्याच द्रावणाच्या कागदी पुड्या मिळतात. त्या हवा कोरडी झाली तर ओल देतात आणि फार दमट झाली तर ओढून घेतात. पुडीवर आकडा छापलेला असतो. त्या आणायला मी कँपातल्या दुकानात गेले. दुकानदार फार आदबीने म्हणाला, "साहेबांसाठी का?"

"नाही, मामांसाठी."

"मामा काय ओढतात?"

"आता काही नाही," मी म्हटलं, आणि पैसे देऊन बाहेर आले.

वाळलेल्या चिरुटाला एकदम ओल देता येत नाही. बाहेरचं पान आधी फुगतं, आतलं कोरडंच राहतं, आणि अंगावर चिरा जातात. म्हणून आधी ६२ ची पुडी, महिन्याने ६५ ची, मग ६९ ची. मऊ कुंचल्याने बुरशी झाडली, आणि ते दोघं बुरशीवाले पहिले काही आठवडे वेगळ्या डब्यात ठेवले, गोवरवाल्या मुलांसारखे. आठवड्यातून एकदा दार उघडून शिळी हवा बाहेर सोडायची. घाई करून चालत नाही. इंग्रजीत याला चिरूट वयात येणं म्हणतात. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं, गुळांबा मुरतो, ओल जमिनीत मुरते, आणि राग माणसात मुरतो.

रागाचं सांगते. मामाने मुलाला आपल्या शब्दावर बोटीवर लावून दिलं होतं. मुलाने वर्षाच्या आत बोट सोडली आणि रॉटरडॅमला जमिनीवरची नोकरी धरली. हे २०१४ सालचं. भांडण असं झालंच नाही, बोलणं थांबलं. दर रविवारी त्याचा फोन आईला येई. फोन वाजला की मामा उठून बाल्कनीत जाई. आठ वर्षं. मामा गेला तेव्हा मुलगा तिसऱ्या दिवशी पोहोचला, आणि दहा दिवस राहून परत गेला. वडिलांविषयी तो एक अक्षर बोलला नाही, आणि आम्हीही कोणी काढलं नाही.

श्रावणात एके दिवशी मी मामाची रिकामी पेटी आतून पुसत होते. अशा पेटीत चिरुटांचे दोन थर असतात, आणि मध्ये लाकडाचा एक पातळ पापुद्रा. तो पापुद्रा मी आधी बाजूला काढून ठेवला होता. उलटा करून पाहिला तो त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरांत ओळी. बोटीवरच्या इंजिनिअरची नोंदवहीच ती! वर्ष, डब्यातली आर्द्रता, आणि शिल्लक. २००६, उरले २४. २००७, उरले २३. असं शिस्तीत चाललेलं. २०१४ पासून मात्र एक ओळ वाढलेली.

"दोन काढले. एक माझा. एक त्याचा, परत ठेवला."

२०१५ ला तेच. २०१६ ला तेच. २०२१ पर्यंत, आठ वेळा, तेच शब्द. शेवटी "उरले ९".

मी कॉलेजात शोकात्म साहित्य शिकवते. तास तास बोलते. त्या दिवशी मला कोणाशी काही बोलता आलं नाही.

रात्री मामीला फोन केला. वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लक्ष्मीपूजनाला तो बाल्कनीत दोन खुर्च्या मांडायचा बघ. मला वाटायचं, दुसरी माझ्यासाठी आहे. वासामुळे मी कधी जाऊन बसले नाही."

"मग मामी, त्याला दाखवायचं का हे?"

"पेटी त्याची आहे. त्यातलं सगळंच त्याचं," ती म्हणाली.

मी समजत होते की मामाने ती वस्तू फार जपली. जपली हे खरंच. आर्द्रता कधी पाचाने चुकू दिली नाही. पण रविवारी दुपारी वाजणारा फोन तीन पावलांवर होता, आणि त्याला कोणताच काटा लावायचा नव्हता. आम्हा माणसांना वस्तूंचा ओलावा राखायला जमतो, कारण वस्तू उलट उत्तर देत नाहीत. हे मी मामाला नावं ठेवायला लिहीत नाही. माझ्याही घरात असे एक-दोन बंद डबे आहेत, आणि तुमच्याही असतील.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तो येऊन पोहोचला असेल. चिरूट आता बरे आहेत. बोटाने दाबले तर हळूच दबतात आणि परत वर येतात, हीच त्यांच्या तब्येतीची खूण. चीर गेलेला एक तसाच आहे, तो बरा होणार नाही. बाकीच्यांतला एखादा तो लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेटवेल की नाही, मला ठाऊक नाही. पेटवू नये, असं समितीची सभासद म्हणून मला वाटतं. पण त्या रात्री मी बाल्कनीत फलक घेऊन जाणार नाही.

एकच अडचण उरली होती. फ्रिज काही दादरला नेता येत नाही. पुणे ते मुंबई गाडीत चिरूट नीट राहायला घट्ट झाकणाचा डबा हवा. मी भीत भीत मामीला विचारलं, तुझ्याकडे मामाचा तो डबा होता ना? फराळाचे दिवस, डबा भरलेला, आणि तिला तो किती प्रिय आहे ते मला माहीत होतं.

मामी म्हणाली, "कोणाबरोबर तरी पाठवते आजच. चकल्या दुसऱ्यात काढून ठेवल्यात मी, केव्हाच."